फाटकाबाहेरचे मूल

आमच्या उपनगरातील महापालिकेच्या उद्यानाचे नूतनीकरण गेल्या वर्षी पुरे झाले. कोनशिला बसली, तीवर नावे कोरली गेली, रंगीत कारंजे उडू लागले आणि मुलांच्या कोपऱ्यात चकचकीत घसरगुंड्या आल्या. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा निवृत्तांना त्याचा आनंद झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यानंतर काही आठवड्यांनी फाटकापाशी जे पाहिले, त्यामुळे हा लेख लिहिणे भाग पडले.

मोटारसायकली आणि मोकाट गुरे आत शिरू नयेत म्हणून त्या फाटकात लोखंडी नळ्यांचा नागमोडी अडसर बसवलेला आहे. धडधाकट माणूस अंग चोरून त्यातून जातो. त्या दिवशी एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आल्या. मुलाला मेंदूचा पक्षाघात होता. खुर्ची अडसरातून जाईना. पहारेकरी भला माणूस, तो म्हणाला, "ताई, खुर्ची इथं राहू द्या, मी बघतो. पोराला उचलून न्या." बाईंनी मुलाला उचलले. खेळाच्या जागेभोवती वीतभर उंचीचा काठ, आत घोटा बुडेल इतकी वाळू. गोल फिरणारे चक्र सिमेंटच्या चौथऱ्यावर. झोपाळ्याची बैठक म्हणजे एक सपाट फळी; पाठीला आधार असल्याखेरीज त्या मुलाला बसता येत नव्हते. अखेर बाई त्याला मांडीवर घेऊन बाकावर बसल्या. समोरचा झोपाळा वर गेला की तो मुलगा मोठ्याने हसे. पुन्हा वर गेला की पुन्हा हसे. झोके दुसऱ्याचे, हसू याचे. पाऊण तासाने त्या उठल्या, त्याला पुन्हा उचलून फाटकापर्यंत आल्या आणि गेल्या. मी उठून मदतीला गेलो नाही. काय करावे ते सुचले नाही, हे खरे. पण ते समर्थन नव्हे.

पुढे संबंधित अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी आदराने चहा दिला, ऐकून घेतले आणि विचारले, "सर, अशी मुलं उद्यानात येतात तरी किती?" प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. हिशेबी माणसाचा तो सरळ प्रश्न होता, आणि मीही आयुष्यभर हिशेबाचाच विषय शिकवला असल्यामुळे त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

ज्या वाडीत शाळाच नाही, तेथील पटसंख्या शून्यच भरणार. त्या शून्यावरून 'येथे शाळेची गरज नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्या शिक्षणाधिकाऱ्याला आपण काय म्हणू? उद्यानात अपंग मुले दिसत नाहीत, कारण उद्यान त्यांना आत घेत नाही. गैरहजेरी हा येथे मागणीच्या अभावाचा पुरावा नसून पुरवठ्याच्या दोषाचा पुरावा आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. महाराष्ट्रात ती २९ लाख ६३ हजार होती. देशभरातील १९ वर्षांपर्यंतची अपंग मुले सुमारे ७८ लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे नवा आकडा हाती नाही. आणि घरी मूल लपवून ठेवणाऱ्या आपल्या समाजात जुना आकडाही पुरा असेल असे मानण्याचे कारण नाही. ही ७८ लाख मुले कोठे खेळतात, हा प्रश्न कोणत्याही महापालिकेच्या उद्यान विभागाने स्वतःला कधी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शब्दाबद्दल एक खुलासा. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणातून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि पाहता पाहता सरकारी पाट्या बदलल्या. मी 'अपंग' हाच शब्द वापरतो आहे. ज्याला सार्वजनिक फाटकातून आत जाता येत नाही त्याच्या अंगात दिव्यत्व पाहणे हा फार स्वस्तातला सन्मान आहे. नाव दिव्य झाले, पायरी होती तेथेच राहिली.

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्याच्या काठी परिस्थिती जैसे थे राहिली. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. आणि पुढे त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १९३७ साल उजाडले. सार्वजनिकतेची कसोटी ठरावात नसते, प्रत्यक्ष वापरात असते, हे त्या दिवशी महाडला सिद्ध झाले.

तुलना ताणण्याचा माझा हेतू नाही. अस्पृश्यतेमागे धर्माने पवित्र ठरवलेला तिरस्कार होता. उद्यानाच्या फाटकात तिरस्कार नाही, विस्मरण आहे. नळ्यांचा अडसर बसवणाऱ्या गवंड्याने, मोजमाप घेणाऱ्या अभियंत्याने किंवा देयकावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने कोणाला बाहेर ठेवायचे असे ठरवले नव्हते. पण बाहेर राहिलेल्या मुलाच्या दृष्टीने या फरकाला कितीसा अर्थ आहे? आणि बोले ठरावातील 'सार्वजनिक पैसा' हे सूत्र तर येथे तंतोतंत लागू पडते. त्या बाई घरभाडे भरत असतील तर त्यातून घरमालकाचा मालमत्ता कर जातो; त्या साबण विकत घेतात त्यावर कर जातो. उद्यानाच्या खर्चात त्यांचा वाटा आहे. वाटा घेऊन प्रवेश नाकारणे याला कोणता शब्द लावावयाचा, हे वाचकांवर सोपवतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर शासनाने वचने देण्यात कसूर केलेली नाही. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील ३१ वे कलम मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करते. भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ सालचा, भारताने मान्यता दिली २००७ साली. अपंग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळात भाग घेता यावा, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांची यादी आहे. तिच्यात नवव्या क्रमांकावर दुर्बल घटकांच्या, त्यातही अपंगांच्या, हितरक्षणाचा विषय आहे आणि बाराव्या क्रमांकावर उद्याने, बागा व क्रीडांगणे. दोन्ही कामे एकाच संस्थेची, एकाच पानावरची. पण नववा विषय समाजकल्याण विभागाच्या कपाटात गेला, बारावा उद्यान विभागाच्या. आणि दोन कपाटांची गाठ काही पडली नाही.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात उतरते मार्ग व इतर सोयींची तरतूद होती, पण तिला 'आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत' अशी पळवाट जोडलेली होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या शब्दांचे हसू येते. कारंज्यासाठी, कमानीसाठी, स्वागतफलकांसाठी कुवतीची मर्यादा कधी आडवी आली नाही. २०१६ च्या नव्या कायद्याने सार्वजनिक इमारतींच्या सुगमतेसाठी मुदत घातली: नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षे. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत विरंगुळा व मनोरंजनाच्या जागाही आल्या. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. उद्यान ही 'इमारत' आहे काय असा प्रश्न काही कायदेपंडित काढतील. त्यांना एवढेच विचारावे की उद्यानाची भिंत, फाटक, स्वच्छतागृह आणि पायऱ्या महापालिकेने कोणत्या लेखाशीर्षाखाली बांधल्या? पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेसंबंधीचा नियमच रद्द ठरवला. कारण मोठे बोलके आहे. कायदा सक्ती सांगत होता आणि नियम मार्गदर्शक सूचनांवर भागवत होता. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत करावेत, असा आदेश न्यायालयाने केंद्र सरकारला दिला.

आता खर्चाकडे येऊ, कारण सगळ्या नकारांचे माहेर तेथे आहे.

तीन पायऱ्यांचे उदाहरण घ्या. प्रत्येक पायरी १५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण चढ ४५ सेंटिमीटर. चाकांच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. त्या हिशेबाने ५ मीटर ४० सेंटिमीटर लांबीचा उतरता मार्ग हवा. दोन ट्रॉल्या मुरूम, थोडे सिमेंट, एका बाजूस कठडा. उद्यानाच्या पहिल्या आराखड्यातच तो काढला तर पायऱ्यांच्या खर्चाहून तो फारसा जास्त पडत नाही. कित्येकदा पायऱ्यांचीच गरज उरत नाही. मात्र आधी पायऱ्या बांधून, मग तोडून, मग नव्याने निविदा काढून केला की तोच मार्ग महाग होतो आणि मग त्याच महागाईचा दाखला देऊन पुढचे उद्यान पुन्हा पायऱ्यांचे होते. हा अपंगत्वाचा खर्च नव्हे. विसरण्याचा खर्च आहे, आणि तो करदाता भरतो.

खेळाच्या जागेचेही तसेच. प्रत्येक महापालिकेत आज रबरी फरशीचे वेड आहे. ती चांगली असते, पण महाग असते आणि उन्हाळ्यात तापते. नीट दाबून चोपलेला बारीक मुरूम किंवा दगडाची भुकटी यांवरूनही खुर्ची चालते. आपल्या गावातल्या रोलरवाल्याला ते काम येते. चक्र चौथऱ्यावर न बसवता जमिनीच्या पातळीत बसवले की खुर्ची सरळ त्यावर जाते. झोपाळ्याला पाठ, हात आणि पट्टा असलेली एक बैठक लावायला नवा सांगाडा लागत नाही. वाळूचा हौद जमिनीत खणण्याऐवजी एक हौद कमरेच्या उंचीवर, खाली गुडघे जातील असा बांधला तर खुर्चीतले मूल आणि उभे मूल समोरासमोर किल्ला करू शकतात. घसरगुंडीला शिडीबरोबर एका बाजूने मातीचा उंचवटा दिला की पायांनी अधू मूल सरपटत वर जाते. आणि मातीचा उंचवटा सगळ्याच मुलांना शिडीपेक्षा अधिक आवडतो, हे पाहायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नाही. दृष्टिहीन मुलासाठी वाजणाऱ्या नळ्या, वाटेच्या कडेला हाताला लागणारी खूण, वासाची झाडे. ज्यांना गर्दीचा आणि आवाजाचा त्रास होतो अशा स्वमग्न मुलांसाठी झाडाखाली एक शांत आडोसा. आणि रस्त्याकडे धावत सुटणाऱ्या मुलासाठी सलग कुंपण, ज्याची गरज खुर्चीतल्या मुलाहूनही अनेक मातांना अधिक वाटते.

या यादीत परदेशातून मागवण्यासारखे काही नाही. असलेच तर, गरिबीतून निघालेली कल्पना परदेशातही आहे. १९४३ साली, जर्मन ताब्यातील कोपनहेगनमध्ये, एमड्रुप येथील कामगारांच्या सहकारी गृहवसाहतीत सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून टाकाऊ सामानाचे क्रीडांगण उभे राहिले. फळ्या, दोर, विटा. मुलांनी बांधावे, मोडावे, पुन्हा बांधावे. युद्धानंतर ते पाहून आलेल्या लेडी ऍलन यांनी ब्रिटनमधील बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागांवर तशी क्रीडांगणे व्हावीत असा आग्रह धरला. आणि १९७० साली लंडनच्या चेल्सी भागात खास अपंग मुलांसाठी असे साहसाचे क्रीडांगण सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. अपंग मुलाला आपण सतत जपतो, झाकतो, व्यायाम करवून घेतो. त्याच्या दिवसातील प्रत्येक हालचालीला उपचाराचे नाव देतो. पण खेळ म्हणजे उपचार नव्हे. पडण्याची थोडी भीती, उंचावर गेल्याची धडधड, मातीने माखणे, भांडणे आणि बट्टी करणे हे ज्या मुलाच्या वाट्याला आले नाही त्याचे बालपण कोणी भरून द्यावयाचे? या एका बाबतीत आपल्याकडील भलेपणाच मुलांच्या आड येतो.

मात्र 'खास अपंगांसाठी' या शब्दांपाशी थांबून विचार केला पाहिजे. नागपुरात 'अनुभूती' नावाचे नव्वद हजार चौरस फुटांचे, सुमारे १२ कोटी रुपये खर्चाचे सर्वसमावेशक उद्यान २०२३ साली जाहीर झाले. ते जगातील सर्वांत मोठे असेल अशी घोषणाही झाली. हेतूबद्दल मला शंका नाही. पण जगातील सर्वांत मोठे म्हणजे कोणासाठी मोठे? पाच वर्षांचे मूल संध्याकाळी पायी दहा मिनिटांच्या अंतरावर खेळते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या भव्य उद्यानात अपंग मुलाला न्यायचे तर रिक्षाचे जाण्यायेण्याचे भाडे, एका पालकाची बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी, आणि वाटेत बसमध्ये खुर्ची चढवण्याची शिक्षा. असे उद्यान वर्षातून एकदा पाहण्याचे ठिकाण होते, खेळण्याचे होत नाही. शिवाय तेथे त्याला शेजारचा मुलगा भेटत नाही. ज्याच्याबरोबर गल्लीत राहायचे, शाळेत जायचे, पुढे मतदानाला एका रांगेत उभे राहायचे, तो सवंगडी गल्लीतल्याच उद्यानात भेटू शकतो. बारा कोटींचे एक उद्यान की प्रत्येक प्रभागातील उद्यानात काही लाखांची दुरुस्ती, असा पर्याय असेल तर समाजवाद्याने दुसऱ्या बाजूला उभे राहिले पाहिजे. त्या बाजूला उद्घाटनाचा सोहळा होत नाही, हे खरे.

बंगळूरमध्ये अपंग मुलांच्या पालकांच्या पुढाकाराने 'किलिकिली' ही संस्था निघाली. तिने वेगळी जागा मागितली नाही. कोल्स पार्क या चालू सार्वजनिक उद्यानातच महापालिकेला बरोबर घेऊन बदल घडवले, आणि मग इतर उद्यानांकडे मोर्चा वळवला. चेन्नईतही महापालिकेने सँथोम भागात असे क्रीडांगण केले आहे. म्हणजे हे अशक्य नाही, आणि त्यासाठी क्रांतीची वाट पाहण्याची गरज नाही. फक्त पालक संघटित झाले पाहिजेत आणि नगरसेवकाने आराखडा पाहण्याची तसदी घेतली पाहिजे. दुर्दैवाने २०२२ नंतर कित्येक वर्षे आपल्या राज्यातील महापालिकांत नगरसेवकच नव्हते. प्रशासकाच्या एका सहीने प्रभागच्या प्रभाग चालत होते. त्या काळात किती उद्यानांचे 'सुशोभीकरण' झाले आणि त्यांतील किती फाटकांतून खुर्ची जाते, याची मोजणी आपल्याच कार्यकर्त्यांनी केली तर एक अहवाल सहज तयार होईल.

निधीविषयी एक मुद्दा कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावा. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी राखून ठेवावी, असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. हा निधी वेळेवर खर्च होत नाही ही तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. आता उद्यानाचा प्रश्न काढला की अधिकारी तत्परतेने म्हणतात, "५ टक्क्यांतून करून देऊ." हे गोड उत्तर स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या निधीवर पहिला हक्क उदरनिर्वाहाच्या साहाय्याचा, साधनांचा, औषधोपचाराचा आहे. उद्यानाचा उतरता मार्ग हा उद्यानाचा भाग आहे, जसे कारंजे हा उद्यानाचा भाग आहे, आणि त्याचा खर्च उद्यानाच्याच लेखाशीर्षातून झाला पाहिजे. पायऱ्या सर्वांच्या पैशातून आणि उतार अपंगांच्या पैशातून, ही विभागणी मान्य केली की आपण अपंग मुलाला नागरिकांच्या यादीतून काढून लाभार्थींच्या यादीत टाकले. फरक लेखाशीर्षाचा दिसतो, पण तो दर्जाचा आहे.

काही सहकारी म्हणतील, आणि एक ज्येष्ठ साथी मला म्हणालेही, की झोपडपट्टीत पाणी नाही, कंत्राटी सफाई कामगाराला किमान वेतन नाही, आणि तुम्ही झोपाळ्याच्या पट्ट्याचे काय घेऊन बसलात? आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याला गंभीरपणे उत्तर दिले पाहिजे. श्रीमंताच्या अपंग मुलाला महापालिकेच्या उद्यानाची गरज पडत नाही. त्याच्यासाठी तासाला शेकडो रुपये घेणारी केंद्रे आहेत, बंगल्याचे आवार आहे, मोटार आहे, सांभाळायला बाई आहे. आणि ही सांभाळणारी बाई जेव्हा आपल्या वस्तीत परतते, तेव्हा तिचे स्वतःचे मूल दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर छताकडे पाहत पडलेले असू शकते. सार्वजनिक उद्यान हे त्या मुलाचे एकमेव अंगण आहे. खाजगी सोयींचा पर्याय ज्याच्यापाशी नाही त्यालाच सार्वजनिक सोयीच्या दोषाची पूर्ण किंमत मोजावी लागते. पाण्याच्या नळाला जे लागू, तेच झोपाळ्याला.

अमर्त्य सेन यांनी १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्याख्यानात 'समता कशाची?' असा प्रश्न विचारला होता. समान उत्पन्न दिले म्हणजे समता झाली असे मानता येत नाही, कारण अपंग माणसाला त्याच उत्पन्नातून तेवढेच साध्य करता येत नाही. म्हणून माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो, कोठे जाऊ शकतो, याकडे पाहिले पाहिजे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. मी हे वर्गात कित्येक वर्षे शिकवले. फळ्यावर आलेख काढले. आमच्या महाविद्यालयाच्या ज्या इमारतीत शिकवले तिला चौदा पायऱ्या होत्या आणि माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता, ही गोष्ट निवृत्त होईपर्यंत माझ्या ध्यानात आली नाही. त्यामुळे उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांवर रागावण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे.

अग्रक्रमाच्या आक्षेपाला इतिहासातूनही उत्तर आहे. मुंबईचे कमला नेहरू उद्यान १९५२ चे. पुण्याच्या पेशवे उद्यानात फुलराणी धावू लागली ती ८ एप्रिल १९५६ रोजी; पुणे महापालिकेला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. त्या वेळी देश आजच्यापेक्षा कितीतरी दरिद्री होता. तरीही शहराने मुलांच्या आनंदासाठी रूळ टाकले, आणि कोणी म्हणाले नाही की आधी सगळ्या गटारी पुऱ्या होऊ द्या. मुलांचा खेळ ही उरल्या पैशातून करण्याची गोष्ट नाही, एवढी समज त्या पिढीला होती. प्रश्न फक्त त्या आनंदाच्या कक्षेत कोण येते एवढाच आहे.

म्हणून पक्षाच्या शहर शाखांना माझी सूचना अगदी छोटी आहे. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्यांनी मोजण्याची फीत घेऊन एका संध्याकाळी उद्यानात जावे. फाटकाची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर आहे काय, खुर्ची वळायला दीड मीटरची जागा आहे काय, खेळाच्या जागेभोवतीचा काठ किती उंच, स्वच्छतागृहाचे दार किती रुंद, हे लिहून घ्यावे. बरोबर अपंग मुले आणि त्यांच्या आया असाव्यात, आणि वहीत पहिले मत त्यांचे लिहिले जावे, आपले नंतर. अंदाजपत्रकाची चर्चा सुरू होण्यापूर्वी ती नोंद आयुक्तांच्या आणि नगरसेवकांच्या हाती पडावी, आणि त्याबरोबर एकच मागणी असावी: यापुढे खेळाच्या साहित्याची कोणतीही निविदा सुगमतेच्या निकषांवाचून निघू नये. घोषणा, फलक यांची घाई नको. त्या मुलांना फलकासमोर उभे करून छायाचित्रे काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. तो उद्योग करणारे पुष्कळ आहेत.

आमच्या उद्यानातील अडसराची मधली नळी पहारेकऱ्याने एका लोहाराकडून कापून घेतली, ही बातमी मला मागच्या आठवड्यात कळली. परवानगी कोणाची घेतली असे विचारले तर तो म्हणाला, "साहेब, रोज त्या ताईंना उचलताना बघवेना." मोटारसायकल अजून एकही आत आलेली नाही. वाळू आणि चौथरा मात्र तसेच आहेत, आणि नळी कापल्याबद्दल त्याला खुलासा मागणारे पत्र आले आहे. ते पत्र घेऊन आम्ही चौघेजण येत्या सोमवारी त्या कचेरीत जात आहोत.